अठरा तासांचा अभ्यास आणि आमची मुले

दर वर्षी एप्रिल महिना आला की महाराष्ट्रातील कित्येक विहारांत, वाचनालयांत व महाविद्यालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करण्याची ही रीत ध्वनिवर्धकांच्या गोंगाटापेक्षा शतपटीने श्रेयस्कर आहे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु वर्षातील एका दिवसाचे हे व्रत आईबाप जेव्हा तीनशे पासष्ट दिवसांचा दंडक म्हणून मुलाच्या डोक्यावर ठेवतात, तेव्हा त्या मुलाचे काय होते, याचा विचार आमच्या समाजाने पुरेसा केलेला नाही.

आज आमची मुले भारतीय तंत्रज्ञान संस्थांत, वैद्यकीय महाविद्यालयांत व राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जात आहेत. घरात पूर्वी कोणी पदवीचे तोंड पाहिलेले नाही, अशा घरातील ही मुले आहेत. गावाने सत्कार केलेला असतो, विहारात वंदना झालेली असते, चुलत्याने कर्ज काढून प्रवासाची पेटी घेऊन दिलेली असते. आणि मग पहिले सत्र सुरू होते. तालुक्याच्या शाळेत जो सदैव पहिला आला, तो येथे वर्गात शेवटच्या दहांत येतो. त्याची बुद्धी एका उन्हाळ्यात आटली काय? मुळीच नाही. अशा संस्थांतील बऱ्याच विषयांत श्रेणी ठरते ती शेजाऱ्याच्या तुलनेत. आणि शेजारी कोण, तर जो सहावीपासून इंग्रजीत शिकला, ज्याने दोन-चार वर्षे मोठ्या शहरातील महागड्या शिकवणीत तोच अभ्यासक्रम घोटून काढला, ज्याच्या घरी काका-मामा अभियंते आहेत. आमचा मुलगा व्याख्यान ऐकत असतो तेव्हा त्याचे अर्धे चित्त भाषेचे कोडे उलगडण्यात खर्ची पडते. उरलेल्या अर्ध्याने त्याने बरोबरी साधावयाची असते. एका विषयात नापास झाला की तो विषय पुढील सत्राच्या माथी बसतो. पुढील सत्राचे विषय अधिक अवघड असतात. आणि अशा रीतीने सावकाराच्या व्याजासारखी ती बाकी चढत जाते. २०१५ साली रुरकीच्या संस्थेने पहिल्या वर्षाच्या सत्तरहून अधिक विद्यार्थ्यांना कमी श्रेणीमुळे काढून टाकले होते. त्यांत बहुसंख्य राखीव प्रवर्गांतील होते. पुढे त्यांना आणखी एक संधी देण्यात आली, हे खरे. पण त्या उन्हाळ्यात त्या घरांत काय घडले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत जी माहिती दिली, तीनुसार मागील पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, तंत्रज्ञान संस्था व व्यवस्थापन संस्था यांतून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागास वर्ग यांचे मिळून १३,६२६ विद्यार्थी शिक्षण सोडून गेले. एकट्या तंत्रज्ञान संस्थांतून गेलेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची संख्या १,०६८ होती. यांतील काही अन्य अभ्यासक्रमांकडे वळले असतील, हे आम्ही मान्य करतो. याहून भयंकर आकडा दुसराच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचा जीव घेतला. ही मुले सर्व जातिधर्मांची आहेत. दुःखाला जात नसते. मात्र दुःख सोसावयास लागणारा आधार जातीजातींत सारखा वाटलेला नाही, हे आम्हाला सांगावयाचे आहे.

कारण अभ्यासाचे ओझे निराळे आणि अपमानाचे ओझे निराळे. पहिले सर्वांना आहे. दुसरे काहींनाच आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तक्रारींची चौकशी करण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २००७ साली अहवाल दिला. तोंडी परीक्षेतील वागणूक, शिक्षकांचा दुरावा, वसतिगृहातील वेगळेपण यांविषयी अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी जे सांगितले, ते त्यात नमूद आहे. आता उघड जात कोणी विचारीत नाही, "प्रवेश परीक्षेत तुझा क्रमांक कितवा?" एवढेच विचारतात. उत्तर मिळाले की जात कळते, आणि त्या दिवसापासून प्रयोगशाळेत जोडीला कोण बसेल हेही ठरते. या प्रश्नाआड दुसरा प्रश्न दडलेला असतो हे मुंबईच्या तंत्रज्ञान संस्थेलाही मान्य करावे लागले, आणि जुलै २०२३ मध्ये तिने विद्यार्थ्यांनी एकमेकांस असा क्रमांक विचारू नये, अशी सूचना काढली. सूचना स्वागतार्ह आहे. सूचनेने नजरा बदलतात असे मात्र आम्हास वाटत नाही.

येथवर दोष इतरांचा झाला. आता आपल्या घराकडे वळू.

बाबासाहेबांचे नाव घेऊन आपण मुलांना जे सांगतो, ते अर्धेच सांगतो. त्यांनी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम पुरे केले, हे आपण सांगतो. त्यांचे लंडनमधील शिक्षण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे मध्येच तुटले, ते मुंबईस परतले, सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून त्यांनी पैसा साठविला आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, हे आपण सांगत नाही. त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध १९२३ मध्ये परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठविला आणि तो सुधारून दिल्यावर त्याच वर्षी स्वीकारला गेला, हेही सांगत नाही. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रा. मुल्लर यांनी त्यांना पुस्तके व कपडे दिले. नवल भथेना या पारशी मित्राने दुसऱ्या लंडन प्रवासास कर्ज दिले. बडोद्याच्या व कोल्हापूरच्या महाराजांनी हात दिला. म्हणजे ज्यांच्या एवढा निश्चय कोणाचा नव्हता त्यांनाही खंड पडला, काम परत आले, आणि मित्र लागले. आमच्या मुलाला मात्र एका सत्राचा खंड माफ नाही, आणि मित्रांत बसलेला दिसला की तो वाया गेला!

तथागतांच्या काळी सोण नावाचा भिक्षू राजगृहाजवळील शीतवनात साधना करीत होता. श्रीमंत घरचा, सुकुमार. परंतु चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ होईपर्यंत त्याने स्वतःस राबविले. एवढे करूनही फळ दिसेना, तेव्हा चीवर टाकून घरी जावे असे त्याच्या मनात आले. भगवंतांनी त्याला आळशी म्हटले नाही, आणि अधिक कष्ट कर असेही सांगितले नाही. तू गृहस्थ असताना वीणा वाजवीत होतास, तिच्या तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर सूर लागत असे काय, एवढे त्यांनी विचारले. ज्या धम्माचा आपण स्वीकार केला त्यात देहदंडाला स्थान नाही. उपासतापास आपण सोडले. ते मुलांच्या अभ्यासाच्या रूपाने मागील दाराने घरात आणू नयेत.

आमच्या विद्यार्थिदशेतील एक गोष्ट सांगणे अस्थानी होणार नाही. सकाळी कायद्याचे महाविद्यालय आणि दिवसभर एका कचेरीत टंकलेखन, असा आमचा क्रम होता. दुसऱ्या वर्षी मालमत्ता हस्तांतरणाच्या विषयात आम्ही नापास झालो. शंका विचारावयास गेलो तर एका प्राध्यापकांनी "तुम्हा लोकांना पासापुरतेच तर हवे असते" असे ऐकवून वाटेला लावले. निकाल आम्ही घरी सात महिने लपविला. त्या सात महिन्यांत झोप उडाली, जेवण तुटले, आणि लोकलच्या फलाटावर उभे असताना मनात जे विचार आले ते आज लिहितानाही हात थबकतो. अखेर एका रात्री वडिलांना सांगितले. ते सफाई खात्यात होते, चौथी शिकलेले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पुन्हा बसायला फी किती लागंल, तेवढं सांग." पुढील परीक्षेत तो विषय सुटला. वडिलांनी आधी विचारले असते तर आम्ही सात महिने आधी सांगितले असते काय? बहुधा नाही. कारण घरात दर रविवारी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास ते "आमचा वकील" अशीच आमची ओळख करून देत असत, आणि त्या दोन शब्दांच्या ओझ्याची त्यांना कल्पना नव्हती.

म्हणून आईबापांस आमची विनंती आहे. मुलाचा फोन आला की गुणांची चौकशी शेवटी करावी. जेवणाला कोणाबरोबर बसतोस, खोलीतला सोबती कसा आहे, रात्री झोप लागते काय, हे आधी विचारावे. उत्तर तुटक आले, मुलगा सुटीत घरी येण्याचे टाळू लागला, आवडीची वस्तू कोणाला देऊन टाकू लागला, तर पत्र-फोनवर न थांबता स्वतः जाऊन भेटावे. रोजंदारी बुडेल, बुडू द्यावी. मनाच्या आजारावर उपचार करणारा वैद्य हा वेड्यांचा वैद्य असतो, हा समज टाकून द्यावा. आणि मुलींच्या बाबतीत "नापास झालीस तर लग्न लावू" ही धमकी ज्या घरांतून दिली जाते, त्या घरांना सावित्रीबाई फुल्यांची तसबीर भिंतीवर लावण्याचा अधिकार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राहिला हक्काचा प्रश्न. उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाची धनबादच्या तंत्रज्ञान संस्थेतील जागा १७,५०० रुपये वेळेत न भरल्यामुळे गेली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती त्याला परत मिळवून दिली. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा विचार करण्यासाठी माजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले, आणि जुलै २०२५ मध्ये पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत त्यांची मानहानी करू नये, असे त्यांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांत भेदभावाच्या तक्रारीसाठी समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद आहे. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे विनियम काढले, पण त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांस स्थगिती दिली व २०१२ चे विनियम चालू ठेवले.

वकील या नात्याने एक गोष्ट मात्र सांगतो. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले सर्व हकिगत तोंडी सांगतात. कागद एकही नसतो. "सरांना भेटून सांगितले होते," एवढाच पुरावा. तक्रार लेखी करावी. काय घडले, कोणत्या दिवशी, कोण हजर होते, हे साध्या मराठीत लिहिले तरी चालते. तिच्या दोन प्रती काढाव्यात, एक कार्यालयात द्यावी, दुसरीवर दिनांकासह शिक्का व सही घ्यावी, आणि ती प्रत वसतिगृहाच्या खोलीत न ठेवता घरी पाठवावी.