माऊसचे खूर तपासा

खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार खोंड घेणारा माणदेशी शेतकरी शिंगांचा रंग पाहून पैसे मोजत नाही. तो दात पाहतो, खूर तपासतो, चार पावले चालवून पाहतो. बिनतारी गेमिंग माऊस घेताना मात्र आपली नजर रंगीत दिव्यांवर आणि खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर खिळते. माझ्या मते तो आकडा सर्वांत शेवटी पाहावा.

तो आकडा सांगतो तरी काय? माऊसच्या पोटाखाली एक दिवा आणि एक चिमुकला कॅमेरा असतो. कॅमेरा टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारो छायाचित्रे घेतो. लागोपाठच्या दोन छायाचित्रांत खुणा किती सरकल्या, यावरून माऊस किती हलला ते ठरते. (स्वच्छ काचेवर तो गोंधळतो, कारण तेथे खुणाच नसतात. घोंगडीवर आणि पाटीवर काय होते, ते तुम्हीच करून पाहा.) ‘डीपीआय’ म्हणजे माऊस एक इंच सरकला की तो किती पावले मोजतो ती संख्या. आता गणित करा. पडदा १९२० बिंदू रुंद आहे. ८०० डीपीआयला बाण या टोकापासून त्या टोकापर्यंत नेण्यास हात २.४ इंच सरकवावा लागेल. १६,००० डीपीआयला? जेमतेम ३ मिलिमीटर! एवढ्याशा जागेत नेम कोण धरणार?

वेगाचेही तसेच. साधा माऊस संगणकाला सेकंदाला १२५ वेळा खबर देतो, गेमिंग माऊस १००० वेळा. दोन खबरींमधले अंतर ८ मिलिसेकंदांवरून १ वर येते. हे अगदीच निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, पण डोळ्याने पाहून बोट हलायलाच सुमारे २०० मिलिसेकंद लागतात हे विसरू नका.

आता बांधणीकडे वळू. अमेरिकेत डग्लस एंगलबर्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माऊस घडवला. त्याचे कवच लाकडाचे होते. आज ते प्लॅस्टिकचे असते. दोन्ही बाजूंनी दाबून पाहा. करकरले तर सांधे सैल आहेत. रबरासारखा मऊ लेप हाताला छान लागतो, पण घामाने आणि काळाने तो चिकट होतो. मी खरखरीत प्लॅस्टिकच पसंत करीन. शिवाय आपला माण तालुका पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात वावटळ उठली की धूळ चाकाच्या फटीतून आत शिरते. बटणाखाली पातळ धातूची पट्टी असलेला छोटा खटका असतो, त्यातही ती जाते. मग एकदा दाबले की दोनदा दाबल्यासारखे होते. म्हणून माऊस उघडता आला पाहिजे, हा माझा मुख्य आग्रह.

उघडायचा कसा? स्क्रू बहुधा खालच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली दडलेले असतात. हेच माऊसचे खूर. ते काढले की पुन्हा नीट चिकटत नाहीत. म्हणून खोक्यात जादा पट्ट्यांचा संच आहे का, हे दुकानदाराला जरूर विचारा. मला ती दिव्यांपेक्षा मोलाची वस्तू वाटते.

बॅटरीबाबत मतभेद होतील. आत बसवलेली लिथियम बॅटरी हलकी असते, आणि तारेने चार्ज करता करता खेळही चालू ठेवता येतो. साध्या पेन्सिल सेलचे वजन सुमारे २३ ग्रॅम, ते हाताला जाणवते. पण काही वर्षांनी लिथियम बॅटरी दमते, आणि कवच गोंदाने बंद असेल तर चांगला माऊस ई-कचऱ्यात जातो. सेल मात्र दहिवडीत काय, म्हसवडमध्ये काय, कोठेही मिळतो. शाळेसाठी मी सेलवालाच घेईन. नव्हे, शाळेसाठी तारेचाच घेईन, आणि त्याचे कारण पुढे आहे.

तालुक्यातल्या एका शाळेने संगणक कक्षासाठी दहा बिनतारी माऊस आणले. प्रत्येकाचा रिसीव्हर नखाएवढा, आणि दहाही दिसायला एकसारखे. त्या माऊसना पोटात रिसीव्हर ठेवण्याचा कप्पाच नव्हता. आठवड्याभरात सगळ्यांची अदलाबदल झाली. रिसीव्हर आपल्याच माऊसचे ऐकतो, तेव्हा पहिल्या बाकावरचा माऊस हलवला की तिसऱ्या बाकावरचा बाण पळे! मुलांची करमणूक झाली, तास मात्र बुडाला. अखेर बाईंनी नखरंगाचे ठिपके देऊन जोड्या लावल्या. नऊ जुळल्या. दहावा रिसीव्हर केराबरोबर गेला असावा, आणि तो माऊस अजून कपाटात पडून आहे.