काळवंडलेल्या रुपयाचा भाव

सायवनच्या माझ्या आजीच्या गळ्यात रुपयांची माळ आहे. पंचम जॉर्जचे रुपये, प्रत्येकात शंभरात जवळजवळ ९२ भाग चांदी. १९४५ साली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, त्या सुमारास पणजीने गवतकापणीच्या मजुरीतून ते साठवले.

मुंबईच्या एका दुकानात तसलाच रुपया पाहिला. कडेला निळी-जांभळी झाक, मध्ये सोनेरी. भाव साध्याच्या चौपट! आजीच्या रुपयांबद्दल विचारले, तर म्हणाले, "कडी डाकलेली, घासलेली. नुसता चांदीचा भाव."

मित्रहो, ही झाक म्हणजे हवेतल्या गंधकाने चांदीवर चढलेला पातळ थर. थराच्या जाडीप्रमाणे रंग बदलतो. त्याला वर्षे लागतात, हे खरे. पण उकडलेल्या अंड्याशेजारी डब्यात ठेवले, तरी नाणे रंगते! अस्सल कोणते, हे जाणकारही छातीठोकपणे सांगत नाहीत. न घासलेले नाणे जपावे, हे मला मान्य. मात्र केवळ रंगापायी चौपट दाम मी मोजणार नाही. पेटीत पडून राहिलेल्याला मान आणि लग्नाकार्यात मिरवलेल्याला मोडीचा भाव, हा कुठला न्याय?

आजीला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग चिंच लावून घासला का नाय त्यांनी?"