दारुड्या चालकाची खबर देणे ही चहाडी नव्हे

'जाऊ द्या ना भाऊ, आपल्याच माणसाच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?' हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याही वस्तीत दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा विषय काढा, हे वाक्य कानावर आल्याशिवाय राहत नाही. बाजाराच्या दिवशी सेनगाव, औंढा, कळमनुरीहून गावाकडे निघालेल्या जीपमध्ये वीस-बावीस माणसे कोंबलेली असतात. चालकाच्या तोंडाचा वास पुढच्या सीटपासून मागच्या दांडीला लटकलेल्या पोरापर्यंत सगळ्यांना येतो. एखादी म्हातारी धीर करून म्हणते, 'बाबा, आज जरा सुमार जास्त झालाय, हळू घे.' चालक हसतो, गाणे मोठे करतो आणि गाडी निघते. खाली कोणीच उतरत नाही, आणि पोलिसांना फोन करावा हे तर कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

का उतरत नाही? कारण उतरून जायचे कशाने? एस.टी. निघून गेलेली असते, आणि चालक भावकीतला नाहीतर शेजारच्या आळीतला असतो. शेतमजुराची गोष्ट तर याहून बिकट आहे. मुकादम जे वाहन आणील त्यात त्याला बसावे लागते. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या मजूर महिलांना हळदीच्या कामावर नेणारा ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात विहिरीत कोसळला आणि सात महिलांचा जीव गेला. त्या अपघातात दारूचा संबंध होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आम्हाला दाखवायचे आहे ते एवढेच की ज्याच्या हाती दिवसाच्या मजुरीशिवाय काही नाही, त्याला ट्रॅक्टर निवडता येत नाही आणि ट्रॅक्टर चालवणाराही निवडता येत नाही. 'तू प्यायला आहेस, मी तुझ्या गाडीत बसणार नाही' असे म्हणणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि दुसऱ्या दिवशी मुकादम तिला बोलावत नाही.

पोलिसांकडे जायचे नाही ही आपल्या समाजाची सवय उगीच पडलेली नाही, हेही कबूल केले पाहिजे. १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाड्यात आपली घरे जळाली, तेव्हा खाकी वर्दी कोणाच्या बाजूने उभी होती हे आपल्या आई-बापांनी पाहिले आहे. आणि फार मागे जायची गरजच नाही. शेजारच्या परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि त्यानंतरच्या धरपकडीत पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. अशा पोलिसांच्या हाती आपण आपला चालक द्यायचा काय, हा प्रश्न कोणी विचारला तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही.

पण हा प्रश्न विचारणाऱ्याने दुसरी बाजूही मोजावी. दारुड्याच्या चाकाखाली मरतो कोण? १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडला ॲलिस्टर परेरा याची मोटार फुटपाथवर चढली. रस्त्याच्या कामावरचे मजूर तिथे झोपले होते. ७ जण मेले, ८ जखमी झाले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाचा गुन्हा धरून सहा महिन्यांची शिक्षा दिली. सात मजुरांच्या जिवाचा हा भाव! पुढे मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून ती तीन वर्षांची केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम ठेवली. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला आपण माणसे मारू शकतो याची जाणीव असते, असे न्यायालयाला म्हणायला लावणारा हा खटला आहे. तो फुटपाथवरच्या मजुरांच्या मरणातून उभा राहिला, हे विसरता कामा नये.

याच मुंबईत त्याआधी चार वर्षे, २८ सप्टेंबर २००२ च्या रात्री, वांद्र्याच्या हिल रोडवर सलमान खान यांची गाडी एका बेकरीबाहेर झोपलेल्या कामगारांवर गेली. एक ठार, चार जखमी. पोलिसांत फिर्याद दिली ती रवींद्र पाटील या पोलीस शिपायाने. हा शिपाई त्याच नटाच्या संरक्षणासाठी नेमलेला होता आणि गाडीत बसलेला होता. म्हणजे ज्याचे रक्षण करायचे, त्याच्याविरुद्धच त्याने तोंड उघडले. त्याचे पुढे काय झाले? तो साक्षीच्या तारखांना हजर राहिला नाही म्हणून त्याच्यावरच वॉरंट निघाले, त्याला तुरुंग पाहावा लागला, नोकरी गेली आणि २००७ साली क्षयरोगाने तो शिवडीच्या रुग्णालयात मेला. खटला मात्र चालूच राहिला. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली, डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले.

निकालावर टीका करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. वकील म्हणून त्यातली एक गोष्ट आम्हाला प्रत्येक वस्तीत सांगावीशी वाटते. पाटील यांच्या पहिल्या फिर्यादीत दारूचा उल्लेख नव्हता. तो काही दिवसांनी दिलेल्या जबाबात आला. उच्च न्यायालयाने त्यांची साक्ष पूर्णपणे विश्वासार्ह मानली नाही, त्यामागच्या कारणांत हेही एक कारण होते. रक्ताचा नमुना कसा घेतला, कुठे ठेवला, कोणी नेला याविषयीही न्यायालयाला शंका आल्या. जे पोलीस खात्यातल्या माणसाच्या बाबतीत घडले, ते औंढ्याच्या शेतमजुराच्या बाबतीत घडणार नाही काय? आमच्याकडे येणाऱ्या पक्षकारांच्या फिर्यादी आम्ही वाचतो. 'भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे' हे ठरलेले शब्द प्रत्येकीत असतात. चालक प्यालेला होता हे मात्र त्यात नसते. विचारले तर सांगतात, 'साहेब, प्यालेला तर होताच, पण लिहिणाऱ्याने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.' सहा महिन्यांनी ही गोष्ट आठवून काही उपयोग होत नाही. दारू रक्तातून काही तासांत उतरते आणि तिच्याबरोबर पुरावाही उतरतो.

मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ सांगते की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य असेल तर तो गुन्हा आहे. अपघात झालाच पाहिजे असे नाही, गाडी चालवणे पुरेसे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे. पोलीस अशा चालकाला वॉरंटशिवाय अटक करू शकतात. पण अटकेनंतर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी झाली नाही तर त्याला कोठडीतून सोडावे लागते. हे दोन तास म्हणजेच सगळा खटला. त्या दोन तासांत कोणाचा फोन येतो, कोणत्या पुढाऱ्याची गाडी दवाखान्याच्या दारात उभी राहते, हे ग्रामीण भागात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. त्यानंतर अल्पवयीन चालकाचा रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. भरवस्तीत, कॅमेऱ्यांच्या उजेडात असे होऊ शकते, तर वारंगा फाट्यावर रात्री अकरा वाजता काय होत असेल?

आता मांडवलीविषयी. अपघात होतो, आणि रक्त वाळायच्या आत दोन्हीकडची मंडळी बसतात. 'दारूचं लिहू नका, नाहीतर विमा कंपनी पैसे देणार नाही,' असे मयताच्या नातेवाइकांनाच सांगितले जाते. गरीब माणूस घाबरतो आणि गप्प बसतो. वाचकांनी हे नीट ध्यानात घ्यावे. चालक प्यालेला होता म्हणून रस्त्याने चालणाऱ्या मयताच्या वारसांचा हक्क बुडत नाही. न्यायालयांनी अशा प्रकरणांत बहुधा 'कंपनीने आधी वारसांना द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे' हाच मार्ग धरलेला आहे. म्हणजे दारू लपवण्यात फायदा आहे तो मालकाचा. आणि त्याचा फायदा करून देण्यासाठी विधवेला गप्प बसवणारे लोक कधीकधी आपल्याच समाजातले, आपल्याच पक्षांचे झेंडे खांद्यावर घेणारे असतात. याची आम्हाला लाज वाटते.

दारूबंदीवर भाषणे आपल्याकडे कमी झाली नाहीत. आपल्या आया-बहिणींनी ग्रामसभा गाजवून बाटली आडवी केली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरपर्यंतची दारू दुकाने बंद करायला सांगितली, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. पुढच्या दीड वर्षात सवलतींनी तो निकाल किती पातळ केला तेही पाहिले. नाकाबंदीचे म्हणाल तर तिथे अडवला जातो तो फटफटीवरचा मजूर. काळ्या काचांच्या गाडीला हात दाखवायची हिंमत क्वचितच कोणाला होते. हे सगळे खरे आहे. पण गुत्ता सरकारने चालू ठेवला, म्हणून पिऊन स्टिअरिंगवर बसलेल्याला आपण सोडावे, हा कुठला न्याय?

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शील आपण प्रत्येक कार्यक्रमात हात जोडून म्हणतो. त्या शिलात मद्याबरोबर 'पमाद' हा शब्द येतो, त्याकडे आपले लक्ष जात नाही. पमाद म्हणजे प्रमाद, बेसावधपणा. कायदा ज्याला हयगय म्हणतो, त्याच्याशी याचे नाते किती जवळचे आहे! भगवान बुद्धांनी मद्य टाळायला सांगितले ते त्यातून हा बेसावधपणा जन्मतो म्हणून. तेव्हा स्वतः न पिणारा, पण प्यालेल्याच्या हाती बावीस जीव देऊन मुकाट्याने बसणारा उपासक शील पाळतो असे आम्हाला वाटत नाही. आमचे हे म्हणणे कोणाला टोचेल. टोचू द्या.

मग खबर देणाऱ्याचे काय? एका गावात आपल्याच एका तरुणाने गाडीचा नंबर पोलिसांना कळवला. चालकाच्या भावकीने त्याच्याशी बोलणे सोडले, जयंतीच्या वर्गणीलाही त्याच्या दारात कोणी गेले नाही. ज्या समाजाने बहिष्काराचे चटके पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्याच समाजाने आपल्या पोरावर बहिष्कार टाकावा! ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये साक्षीदार फितूर होऊ नये म्हणून आपण त्याच्या घरी जागतो, तारखेला त्याच्याबरोबर जातो, त्याच्या एस.टी.चे भाडे भरतो. ही ताकद आपल्या चळवळीजवळ आहे. ती या तरुणामागे का उभी राहू नये? चालक सवर्ण असेल आणि खबर दिल्याचा राग काढताना त्याने जातीवरून चारचौघांत अपमान केला, तर त्यासाठी ॲट्रॉसिटी कायदा आहेच. अपघातातल्या जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला तर नाव-गाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ते मान्य केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ म्हणून ते कायद्यात आले. हे संरक्षण अपघातानंतर मदत करणाऱ्याला आहे. अपघाताच्या आधी फोन करणाऱ्याला मात्र आपण सोडून दुसरे संरक्षण नाही.

सुरुवात आपल्या घरापासून करावी. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेची गाडी लेकरांच्या गर्दीतून कोण चालवतो, तो कशात आहे, हे जयंती समितीने कधी पाहिले आहे काय? धम्मचक्र प्रवर्तन दिनाला हिंगोलीहून पुसद-यवतमाळ मार्गे रात्रभर नागपूरला जाणाऱ्या टेम्पोंचे चालक कोणी तपासतो काय? प्रत्येक समितीने मिरवणुकीच्या आणि दीक्षाभूमीच्या गाडीच्या चालकाचे नाव व परवाना आधी लिहून घ्यावा, निघताना दोन महिलांनी त्याच्याशी बोलून पाहावे, आणि वास आला तर भाडे बुडाले तरी चालेल, गाडी बदलावी.

रस्त्यावर असा चालक दिसला तर ११२ ला फोन करावा आणि गाडीचा नंबर, ठिकाण व दिशा सांगावी. अपघात होऊन गेला असेल तर जखमीला १०८ च्या गाडीत घालून एकाने ठाण्यात जावे. फिर्याद लिहिणारा विचारो न विचारो, 'चालकाच्या तोंडाला दारूचा वास येत होता, त्याची ताबडतोब वैद्यकीय तपासणी करून रक्ताचा नमुना घ्यावा' हे वाक्य पहिल्याच कागदावर आले पाहिजे. लिहून घेत नसतील तर साध्या कागदावर अर्ज द्यावा, त्यावर तारखेबरोबर वेळही टाकावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय ठाण्याच्या पायऱ्या उतरू नयेत.