पाथरीचे घराणे, चौलचे बंदर आणि आपला व्यापारी

परभणीच्या मोंढ्यात कापसाची गाडी काट्यावर चढली, वजन झाले, पट्टी हातात पडली की आपला व्यापार संपला, असे आपण मानतो. तो कापूस पुढे कोणत्या गिरणीत गेला, कोणत्या बंदरातून बाहेर पडला आणि तिकडे कोणी कोणत्या दर्जासाठी किती पैसे मोजले, हे विचारण्याची सवय आपल्याला राहिलेली नाही. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर, त्याच्याशी आपला काय संबंध, असा सूर सगळीकडे ऐकू येतो. मीही इतकी वर्षे तेच म्हणत आलो. गेल्या हिवाळ्यात चौल पाहून आल्यापासून मात्र हे म्हणणे सोडले आहे.

दुकानाच्या कामासाठी मुंबईला जायचे होते. मानवतला कापूस खरेदी करणारा माझा भाचा सोबत होता. देवगिरीने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठली. काम एका दिवसात उरकले आणि एक दिवस हाती उरला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवेवरून लाँचने मांडव्याला उतरलो. तिथून अलिबाग आणि अलिबागहून सतरा-अठरा किलोमीटरवर रेवदंडा. रेवदंडा म्हणजे खालचे चौल. येथे पोर्तुगीजांचा कोट होता. थोडे आत वरचे चौल, म्हणजे जुने शहर. आज दोन्ही ठिकाणी नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. वाडीतून चालताना मध्येच तटाची भिंत लागते, मशिदीचे अवशेष लागतात, जुना हमामखाना दिसतो. पोर्तुगीजांच्या चर्चचा उंच मनोरा अजून उभा आहे. कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर आणि त्यावरचा किल्ला. पाण्यात मासेमारीच्या होड्या. एके काळी येथे अरबस्तानची, इराणची गलबते नांगर टाकीत, हे सांगितल्याशिवाय कोणाला कळणार नाही.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, इथे आपल्याकडचा माल येत होता का?"

प्रश्न साधा होता. पण तो कापसाच्या व्यापाऱ्याचा होता. त्याचे उत्तर देण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. पेरिप्लस या नावाने ती ओळखली जाते. पैठण आणि तेर या दोन गावांचा त्यात उल्लेख आहे. तेरहून सुती कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात असे, असे तो सांगतो. पैठण ते भडोच वीस दिवसांची वाट आणि पैठणपासून तेर आणखी दहा दिवस. म्हणजे मराठवाड्याचे कापड परदेशी जाणे ही नवलाची गोष्ट नव्हती. कल्याणच्या पुढच्या बंदरांमध्ये तो ज्या सेमिल्लाचे नाव घेतो, तेच हे चौल.

अरबांनी त्याला सैमूर म्हटले. हिजरी 304, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास बगदादचा प्रवासी अल-मसूदी येथे आला. राज्य राष्ट्रकूटांचे होते. सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने लिहिले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले होते, तसेच येथेच जन्मलेलेही होते. त्यांचे तंटे सोडविण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रतिष्ठित माणूस नेमलेला असे. त्या पदाला हुनरमा म्हणत. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे लोक तलवार घेऊन नव्हे, तराजू घेऊन आले. परक्या राजाच्या मुलखात त्यांना जागा मिळाली, कारण त्यांचे माप खरे होते, शब्द पक्का होता आणि आपसातले भांडण ते दारावर येऊ देत नव्हते.

या व्यापाराची भांडवलाची पद्धतही साधी होती. एकाकडे पैसा आहे पण प्रवासाचे बळ नाही. दुसऱ्याकडे हुनर आणि हिंमत आहे पण पैसा नाही. पहिला माल किंवा रक्कम देई, दुसरा ती घेऊन समुद्रापार जाई. नफा ठरलेल्या वाट्याने वाटला जाई. नुकसान झाले तर पैसा पैसेवाल्याचा गेला आणि मेहनत मेहनतवाल्याची. मुदारबत म्हणतात ती हीच. व्याजाविना, केवळ हिशेबाच्या चोखपणावर आणि अमानतदारीवर समुद्रापारचा व्यापार शतकानुशतके चालला.

आता परभणीकडे येतो. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचे वडील मलिक हसन हे मूळचे पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातले, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. पाथरी म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. या घराण्याने अहमदनगर वसविले आणि चौलचे बंदर त्यांच्या राज्यात आले. पाथरीच्या माणसांच्या हाती समुद्राचा दरवाजा आला होता!

त्या दरवाजाचे पुढे काय झाले? मलिक अहमदचा मुलगा बुरहान निजामशहा कोवळ्या वयात गादीवर बसला. कारभार वजिराच्या हाती होता. पाथरी त्या वेळी वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. पूर्वजांचे गाव म्हणून निजामशाहीने ती मागितली, मोबदल्यात दुसरा परगणाही देऊ केला. इमादशहाने नकार दिला, तेव्हा 1518 मध्ये पाथरी लढून घेतली. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1521 मध्ये, याच दरबाराने पोर्तुगीजांना चौलजवळ कोठी आणि कोट बांधण्याची परवानगी दिली. दरबाराला समुद्रमार्गे येणारे घोडे हवे होते. घोडे आणून देणाऱ्याला उंबरठ्यावरची जागा मिळाली.

वाचकांनी या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. घराण्याच्या गावासाठी लढाई आणि मुलखाच्या बंदरासाठी परवाना! पोर्तुगीजांनी समुद्रावर आपली दस्तके चालू केली होती. त्यांचे दस्तक नसलेले गलबत ते पकडत. माल आपला, गलबत आपले, पण चालण्याची मुभा दुसऱ्याच्या कागदावर. पन्नास वर्षांनी, 1570-71 मध्ये, बुरहानचा नातू मुर्तजा निजामशहा याने मोठी फौज घेऊन चौलला वेढा घातला. महिनोन्‌महिने तोफा चालल्या, माणसे मेली, पण कोट हाती आला नाही. जी गोष्ट एका कागदाने दिली, ती तोफांनी परत मिळाली नाही.

पोर्तुगीजांचे चौलही कायम राहिले नाही. 1740 मध्ये ते मराठ्यांकडे आले. पण तोवर शहराचा जीव गेला होता. खाडी गाळाने उथळ होत गेली हे खरे. पण गाळ हे एकच कारण नव्हे. चौलचे रेशीम विणकर प्रसिद्ध होते. सतराव्या शतकात इंग्रजांनी मुंबई वसवायला घेतली, तेव्हा या विणकरांना तिकडे बोलावून जागा दिली. कारागीर गेले, त्यांच्यामागे गिऱ्हाईक गेले आणि गिऱ्हाइकामागे गलबते गेली. चौलला मग उरल्या त्या वाड्या.

"म्हणजे बंदर पाण्याने मेले नाही," भाचा म्हणाला.

"नाही बेटा," मी म्हटले, "ज्यांच्या मालावर ते जगत होते, त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली."

परत येताना आम्ही पेणवरून उरणच्या रस्त्याला लागलो. न्हावाशेव्याचे बंदर, म्हणजे 1989 मध्ये सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर, याच रायगड जिल्ह्यात आहे. रस्त्यावर कंटेनर घेतलेल्या ट्रेलरची रांग संपता संपत नव्हती. 2022-23 साली या बंदरातून वीस फुटी पेटीच्या मापाने 60 लाखांहून अधिक कंटेनरांची ने-आण झाली. चौलच्या तटातून आत जायला आज कोणी विचारत नाही. न्हावाशेव्याच्या दरवाजावर पास लागतो. आम्ही बाहेरूनच पाहिले. त्या पेट्यांमध्ये मराठवाड्याचा कापूस, सूत, सोयाबीनची पेंड असणारच. पण त्यांच्या कागदांवर परभणीच्या किती व्यापाऱ्यांची नावे असतील, हा विचार मनातून गेला नाही.

यात सगळा दोष आपला आहे, असे मी म्हणणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यात मनमाड-हैदराबाद रेल्वे आली, पण ती मीटरगेज. मुंबईचा माल मनमाडला उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. रूळ रुंद व्हायला नव्वदचे दशक उजाडले. 1972 पासून सुमारे तीस वर्षे राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. खाजगी व्यापाऱ्याला कापूस घेण्याची मुभाच नव्हती. अशाने दोन पिढ्यांचा हात मोडला. परंतु ती दोन्ही कारणे आता उरलेली नाहीत. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला आणि तो जालन्यावरून जातो. जालन्याजवळ कोरड्या बंदराची पायाभरणी 2015 मध्ये झाली. वाट आपल्या दाराजवळ येत आहे. त्या वाटेने माल कोणाच्या नावाने जाणार, हा प्रश्न आहे.

काही अनुभवी मंडळी म्हणतील, की निर्यात हा मोठ्यांचा खेळ. छोट्या खरेदीदाराने त्यात पडू नये, पैसे बुडतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. परदेशी गिऱ्हाइकाने माल नाकारला किंवा रक्कम अडकली, तर छोटा माणूस उठत नाही. म्हणून उद्याच सर्वांनी निर्यातदार व्हावे, असे मी सुचवत नाही. पण बंदरावरचा भाव आणि बंदरावरची मागणी माहीत असणे, यासाठी निर्यातदार असावे लागत नाही. साधा हिशेब पाहा. एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते. बाकी सरकी आणि थोडी घट. 170 किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. मुंबईचा भाव निघतो तो खंडीवर, म्हणजे 356 किलो रुईवर. खंडीचा भाव, सरकीचा भाव आणि जिनिंगचा खर्च या तीन आकड्यांवरून आपल्या क्विंटलची खरी किंमत कोणालाही काढता येते. मोंढ्यात किती जण ती काढून मग बोली लावतात? आणि किती शेतकऱ्यांना ती सांगतात?

दर्जाचेही तसेच. धाग्याची लांबी, तलमपणा, ओलावा, काडीकचरा यांवर गिरणी पैसे देते. प्लास्टिकच्या पोत्याचा धागा, केस, गुटख्याची पुडी कापसात निघाली, की अख्ख्या मुलखाच्या मालाचे नाव खराब होते. पाणी मारून वजन वाढविणारा माणूस दहा रुपये कमावतो आणि गावाचा शब्द विकतो. सैमूरच्या व्यापाऱ्यांना परमुलखात जागा मिळाली ती शब्दावर. आपल्याला आपल्याच मुलखात ती टिकवता येऊ नये, ही खेदाची गोष्ट आहे.

मग करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी. पहिली, आयात-निर्यात क्रमांक ज्याला शक्य आहे त्याने काढून ठेवावा. पॅन, जीएसटी आणि बँकेचे खाते असले की पाचशे रुपये शुल्कात तो घरबसल्या मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्याची माहिती अद्ययावत करावी लागते, हे विसरू नये. दुसरी, परभणी, मानवत, सेलू येथील दहा-बारा विश्वासू व्यापाऱ्यांनी मिळून एक खेप तयार करावी. दर्जा एक, हिशेब एक आणि तंटा झाला तर निवाडा करणारा माणूस आधीच ठरलेला. मुदारबतीचा जुना मार्ग येथे उपयोगी पडेल. ज्यांचा पैसा पडून आहे त्यांनी शिकलेल्या, धडपड्या मुलांवर तो लावावा. तिसरी, ही मुले एकदा बंदर पाहून यावीत. सकाळी चौल, दुपारी न्हावाशेवा. रेवदंड्याच्या वाडीतला तट आणि उरणच्या रस्त्यावरची ट्रेलरची रांग एका दिवसात पाहिली, की जे कळते ते माझ्या लेखाने कळणार नाही.

भाच्याने परत आल्यावर एक वही घातली आहे. रोज रात्री मुंबईचा खंडीचा भाव, सरकीचा भाव आणि मानवतचा भाव शेजारी शेजारी लिहितो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात जाताना ती वही त्याच्या पिशवीत असते. मागच्या आठवड्यात दोन शेतकऱ्यांनी ती त्याच्याकडून मागून पाहिली आणि त्याने दाखविली. जुन्या व्यापाऱ्यांना ते आवडले नाही. मला मात्र त्यात बरकतीची सुरुवात दिसते. वाचकांनीही आपल्या घरातल्या मुलांच्या हाती अशी एक वही द्यावी, एवढीच विनंती.