भत्ता थांबला, पुढे काय?



बेकार तरुणांस सरकारने पैसे द्यावेत की नाहीत, हा वाद पारावर नेहमीच रंगतो. एक म्हणतो, फुकटच्या पैशाने मुले आळसावतात. दुसरा म्हणतो, रिकाम्या खिशाने काम शोधावयास जावे तरी कसे?

आपल्या मध्य प्रदेशात २०१९ साली कमलनाथ सरकारने ‘युवा स्वाभिमान’ योजना काढली. शहरांतील गरीब तरुणांस शंभर दिवस काम व महिना ४,००० रुपये मिळावयाचे. खेड्यांतील मुलांस ती नव्हतीच. मार्च २०२० मध्ये ते सरकार गेले. २०२३ साली शिवराजसिंह चौहान सरकारने ‘सीखो-कमाओ’ योजना आणली. तीत शिकाऊ उमेदवारास ८,००० ते १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. सरकार बदलले, रक्कम बदलली. मुदत सरल्यावर काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. काम मागणाऱ्यास १५ दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता द्यावा, असे त्यात होते. तेथे भत्ता म्हणजे भीक नव्हे. काम न दिल्याची ती भरपाई होती.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील मजूर सायंकाळपर्यंत बाजारात उभे होते, ते आळसाने नव्हे. त्यांस कोणी बोलाविलेच नव्हते.

म्हणून भत्ता वाढवू म्हणणारा असो वा बंद करू म्हणणारा, तो मते मागावयास दारी आला की त्यास एवढेच विचारा : “आमच्या मुलांस काम कोणते देणार?” आणि घरातील बेकार मुलास आळशी म्हणण्यापूर्वी त्यास कोणी कामास बोलाविले होते काय, हेही पाहा.