संगणकीकरणाची कसोटी : वाचकाचा वेळ

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु मराठी ग्रंथपालांना परके वाटू नये. तंजावरच्या मराठा घराण्यातील दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. वाटसरूंना अन्न-निवारा आणि मुलांना विद्या, अशी ती व्यवस्था होती. जवळच्या मन्नारगुडीतून १९३१ मध्ये बैलगाडीतले ग्रंथालय खेड्यांकडे निघाले. त्याच वर्षी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत ग्रंथरूपाने आले. ते मांडणाऱ्या रंगनाथनांचा जन्म जुन्या तंजावर जिल्ह्यातल्याच शियाळीचा. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा त्यांचा चौथा सिद्धांत, आणि आपल्या संगणकीकरणाला हीच कसोटी लावली पाहिजे.

महाविद्यालयीन ग्रंथालयांत आता सोल, कोहा, ई-ग्रंथालय या प्रणाली रुळल्या आहेत. नॅकच्या अहवालात प्रणालीचे नाव, आवृत्ती, संगणकीकरण पूर्ण की अंशतः, हे आपण भरतो. ते आवश्यकच आहे, पण त्यातून सेवा सुधारली की नाही हे कळत नाही. देवघेवीच्या खिडकीवर बारकोड आला आणि नवे पुस्तक दाखल झाल्यावरही महिनोन्‌महिने तालिकेत दिसले नाही, तर वाचकाच्या पदरी काहीच पडले नाही.

मराठी संग्रहात अडचण अधिक खोल आहे. एकाच लेखकाची नोंद कुठे ‘देशपांडे, पु. ल.’, कुठे ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’, तर कुठे रोमन लिपीत. विद्यार्थी एका रूपाने शोधतो आणि उरलेली पुस्तके त्याच्या दृष्टीने ग्रंथालयात नसतातच. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या नोंदी युनिकोडमध्ये न आणता नव्या प्रणालीत ओतल्या, तर त्या शोधाला सापडत नाहीत. हा दोष यंत्राचा नाही. नामनोंदींचे प्रमाणीकरण हे तालिकाकाराचे काम आहे. प्रणाली विकत मिळते. ही शिस्त मात्र आपल्यालाच घडवावी लागते.

म्हणून येत्या सत्रात प्रत्येक ग्रंथालयाने तीन गोष्टी मोजाव्यात. पुस्तक दाखल झाल्यापासून वाचकाच्या हाती पडेपर्यंत किती दिवस जातात? तालिकेतील किती शोध रिकाम्या हाताने परततात, आणि कोणत्या शब्दांवर? तालिकेत ‘उपलब्ध’ दिसणारे पुस्तक त्या बोधांकावर खरोखर मिळते का? पहिल्याला दाखल नोंदवही आणि देवघेवीच्या नोंदी पुरतात. तिसऱ्यासाठी कपाटापाशी जाऊन नमुना तपासणी करावी लागेल. दुसऱ्यासाठी शोधनोंदी साठवल्या जातात का, हे आधी पाहावे. नसतील तर चौकशी-खिडकीवर एक साधी वही ठेवावी.

प्राचार्यांना आणि व्यवस्थापनालाही सांगायला हवे की प्रणालीच्या खरेदीबरोबर तालिकाकाराचे पद भरले पाहिजे. संगणकामुळे देवघेवीत वाचलेले कर्मचाऱ्यांचे तास संदर्भसेवेकडे वळवावेत, पदकपातीकडे नव्हे. एक जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेमुळे अनेक सरकारी संस्थांना हजारो नियतकालिके खुली झाली आहेत. त्यांतला नेमका लेख पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला काढून देणारा जाणकार ग्रंथपाल आज पूर्वीपेक्षा अधिक हवा आहे.