खेळातील अफू आणि इतिहासातील अफू

१९८२ साली ॲपल संगणकावर आलेला ‘तायपान’ हा खेळ आजच्या झगमगत्या खेळांपुढे ओबडधोबडच वाटेल. पडद्यावर प्रामुख्याने आकडे. काळ १८६० चा, स्थळ हाँगकाँग, आणि खेळाडू हा एक होतकरू व्यापारी. अफू, रेशीम, शस्त्रे व किरकोळ माल जहाजात भरावयाचा आणि शांघाय, मनिला, सिंगापूर अशा बंदरांतून, खेपेमागून खेप करीत, स्वस्तात घेऊन महाग विकावयाचा. भांडवलासाठी वू नावाचा सावकार आहे; त्याचे व्याज महिन्यागणिक मुद्दलावर चढत जाते. चक्रवाढ व्याजाची जी भीती फळ्यावरील सूत्राने वाटत नाही, ती हा वू चार-सहा खेपांतच घालतो. तेवढे श्रेय या खेळास दिलेच पाहिजे.

प्रश्न आहे तो अफूचा. नफा तिच्यातच अधिक आणि जोखीमही. अधिकारी माल जप्त करून वर दंड ठोकतात. कायदा मोडणारा धाडसी व्यापारी एकीकडे आणि त्यास अडविणारे सरकार दुसरीकडे, अशी ही मांडणी. इतिहास इतका सरळ नाही. १८३९ मध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या, तेव्हा व्यापाऱ्यांच्या बाजूने लढावयास ब्रिटिश सरकारच उतरले. पुढे दुसऱ्या युद्धाच्या ओघात, १८५८ मध्ये, चीनला जकात ठरवून अफूची आयात कायदेशीर करावी लागली. म्हणजे खेळ सुरू होण्यापूर्वी दोन वर्षे!

खेळात भाव नशिबाने हलतात. माल येतो कोठून, हे कोणी विचारीत नाही. तो येत होता हिंदुस्थानातून. बिहार व बनारसकडे सरकारी मक्तेदारीखाली, सरकारी दराने शेतकऱ्याने अफू पिकवावयाची, कलकत्त्यास सरकारनेच तिचा लिलाव करावयाचा, आणि ती चीनला पोचविण्याचे बदनाम काम तेवढे खासगी व्यापाऱ्यांवर सोडावयाचे. माळव्याची अफू मुंबईमार्गे जाई. तिच्यावरही सरकार परवान्याचे शुल्क घेई. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या संपत्तीत या व्यापाराचा वाटा मोठा होता, आणि त्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या मुंबईच्या रुग्णालयास त्यांचे नाव आजही आहे.

दहा लाख जमले की खेळाडूस निवृत्त होता येते. वूचे कर्ज फेडले की तो मोकळा. गाझीपूरकडील शेतकऱ्यास सरकारकडून मिळे ती उचल बिनव्याजी असे. पण ती एकदा घेतली की पुढल्या हंगामात दुसरे पीक घेण्याची त्यास मुभा नसे. तो या खेळात कोठेच नाही.